पांडवांच्या दगडापर्यंत

मी ह्याच गावची. माहेर हेच, आन सासर झालं न झाल्यासारखं, म्हणून मरणार बी हितंच. निजामाचं राज व्हतं तवाची मी, कोणत्या सालातली ते इचारू नको, आई म्हणायची रानात तुरी उभ्या व्हत्या तवा झालीस, आता ज्यानं त्यानं काय ते समजून घ्यावं. नाव सोजर. आमचा बाप, त्याला आमी आबा म्हणायचो, तोंडावर तुमी म्हणायचो, आता जाऊन इतकी वरसं झाली, आता मी त्याला तो म्हणलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय, माझ्याच बापाचं जातंय. तू गुरुजींची नात म्हणून सांगते, न्हायतर ह्या गोष्टीला मी तोंड लावत न्हाय. तुझ्या आज्यानंच ते वाचलं व्हतं सगळ्यांम्होरं, वसियतनामा, म्हणजे मेल्यावर कुणाला काय द्यायचं त्याचा कागद.

माझं लगीन लागलं ते वाशीकडल्या गावात. निजाम गेला, आपलं राज आलं, लोक म्हणायचे आता सुखाचं दिवस आले, आन माझं त्याच दिवसात आलं हे असं. लेकरू झालं न्हाय. सासू म्हणायची वांझोटी गाय दारात बांधून काय करायची, आन एक दिवस नवरा बाजाराला म्हणून गेला आन येताना दुसरी घेऊन आला, हळदीच्या अंगानं. म्या तिला पाणी दिलं प्यायला. खोटं न्हाय सांगत, दिलं, ती बी पोर लहान व्हती, घाबरलेली. मंग माझं लुगडं गाठोड्यात बांधलं आन चालत निघाले. कुणी ये म्हणलं न्हाय आन कुणी जा म्हणलं न्हाय.

हिकडं आले तवा आई मेलेली. दोन भाऊ, थोरला तो दादा, धाकटा नामा. आबानं मला बघितलं, गाठोडं बघितलं, आन म्हणला, हिरीवरच्या रानात मिरच्या लावायच्या हायत, उद्याच्याला दारं धरायला माणूस न्हाय. झालं. एवढंच बोलला बाप. दादा मोट हाकायचा, मी खाली वाफ्यात दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं माती लावून पाणी दुसऱ्याला वळवायचं. पायाची बोटं कुजायची पाण्यानं. गहू, हरबरा, मिरची, लसूण, त्या हिरीच्या रानातलं पान अन् पान माझ्या हातचं हाय, हे मी म्हणत न्हाय, अख्खं गाव म्हणतं. पर घरात मला कुणी जेव म्हणून म्हणलं न्हाय कवा. थोरली वैनी भाकरी टोपल्यात टाकायची आन टोपलं पायानं सरकवायची. मी त्याच भाकरी खाल्ल्या. काय सांगू तुला, भूक लई बेशरम असती.

मंग कायदा आला. लेकीला बी बापाच्या जमिनीत वाटा. कुणीतरी तुळजापूरच्या बाजारात ऐकून आलं आन आमच्या घरात जाळ लागला. वैनी म्हणली, आता ही उद्या अर्धं रान मागंल. दादा म्हणला, ही न्हाय मागायची, हिचा तो नवरा मागायला लावील, टाकलेली बायकू आठवंल त्याला जमीन दिसली की. मला कुणी इचारलं न्हाय तुला काय पायजे. मी चुलीम्होरं बसलेली, मी म्हणजे जणू उखळ. दोघं भाऊ आबाच्या मागं लागले, आबा, तुमी हाय तोवर लिहून ठिवा, सगळं आमा दोघांच्या नावानं, हिला आमी काय उपाशी ठिवणार हाय का. आबा म्हणायचा, बघू. आबाचं सगळं आयुष्य त्या बघूमधी गेलं.

एक दिवस मोटारीनं धाराशिवला गेला. दादा संगं गेल्ता, पर कागद लिहिणाऱ्या अर्जनवीसाकडं आबा एकटाच बसला, दादाला म्हणला, तू बाहीर थांब, बिडी ओढ. आला परत तवा कागद धोतराच्या सोग्यात. कुणाला दाखवला न्हाय. दुसऱ्या दिवशी गुरुजींना बोलावलं, तुझ्या आज्याला, आन सगळ्यांना हिरीवर बसवून म्हणला, वाचा, माझ्या जिवंतपणी वाचा, मेल्यावर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं फसवलं.

गुरुजींनी वाचलं. वड्याच्या अंगाचं काळं रान नामाला. माळाकडचं आन मधलं दादाला, थोरला म्हणून घर बी दादाला. आन मंग माझं नाव आलं. कन्या सोजर हिला चोळीबांगडीसाठी, तिच्या हयातीपर्यंत, हिरीपासून पांडवांच्या दगडापर्यंतचा तुकडा, पाण्याच्या पाळीसकट. तिच्या मागं तो दादाच्या वारसांना. एवढंच. मी वाफ्याच्या कडंला उभी व्हते, खोरं हातात. वैनी मोठ्यानं म्हणली, चोळीबांगडीला एवढं रान? हिच्या चोळीला काय जरीचा काठ लावायचा हाय व्हय?

आता पांडवांचे दगड म्हणजे काय ते तुला सांगायला पायजे, तुमच्या त्या इंग्रजी शाळेत हे न्हाय. आपल्याकडं येळवस असती, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात जेवायला जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, कोप म्हणजे खोपी, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पुजायचे, ते पाच पांडव. पुजा झाली की शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली अंबील, आल्या-गेल्याला बोलवून जेवू घालायचं. कोप वरसाला नवी, पर दगड तेच, तिथंच. औत आलं तर दगडाला वळसा घालून न्यायचं, त्याच्यावरनं न्हाय न्यायचं, आमच्या पणज्यापसनं असंच. म्हणून आबानं हद्द धरली ती दगडाची. तुझा आजा हुशार, तो म्हणला, आबा, गुंठे लिहा, मोजणी आणा, सर्वे नंबर टाका, दगडाचं काय खरं. तर आबा हसला. म्हणला, गुरुजी, देवाला कोण हालवतंय?

लोक म्हणत्यात म्हातारा भोळा व्हता. भोळा बिळा काय न्हवता. मोजणी आणली असती तर शेजारच्या रानात आबानं सोता किती काकऱ्या घुसवल्या व्हत्या ते बी मोजणीच्या साखळीत आलं असतं. दर साली नांगरताना एक फाळ आत, एक फाळ आत, शेजारी भांडून भांडून मेला. म्हणून मोजणी नको, देव पायजे. सोता बांध कोरला जन्मभर, आन गुरुजींना म्हणतो देवाला कोण हालवतंय.

तर त्याच साली, खरीप निघाली, रबीची पेरणी झाली, आन येळवशीच्या आधी मी दगडाला चुना द्यायला गेले. हे काम बाईचं, माझ्या आईचं व्हतं, मंग माझं. चुन्याचं गाडगं घेऊन ज्वारीत शिरले तर दगड न्हाईत. म्हणलं, चुकले का काय. ज्या रानात डोळं झाकून चालंन त्या रानात मी चुकते व्हय? जिथं दगड व्हते तिथं नांगर फिरून ज्वारी उगवलेली, आन हिरीच्या अंगाला, माझ्या मिरच्यांच्या अलीकडं, पाचीच्या पाची दगड मांडलेले, काल सांजंपतूर तिथं काय न्हवतं. नीट मांडलेले, बरं का, धाकटे-थोरले करून. पर जुना चुना ज्या बाजूला तो खाली मातीत, आन मातीची बाजू वर. एवढं कळलं न्हाय हालवणाऱ्याला. म्हणजे मिरच्यांचा सगळा पट्टा दादाकडं गेला, आन मला ऱ्हायली हिरीची कडा, जिथं मोटेची बैलं वळत्यात ती, जिथं गवत बी उगवत न्हाय.

तशीच गाडगं घेऊन वाड्यावर गेले, वाडा कसला, चार खणाचं माळवदाचं घर. दादा बैलाला पेंड चारत व्हता. म्हणलं, दादा, दगड कुणी हालवलं? म्हणला, कोणते दगड? म्हणलं, पांडव. म्हणला, औंदा पाऊस लई झाला सोजर, देव सरकलं असतील आपलं आपण, त्यांना बी हिरीचं पाणी जवळ पायजे आसंल. आन हसला. वैनी आतनं म्हणली, नवऱ्याच्या घरी नांदता आलं न्हाय, आता देवाच्या हद्दीवर नांदायला निघाली. म्या म्हणलं, वैनी, तुज्या तोंडात चुना घालीन, हा बघ हातातच हाय. नामा तिथंच बसलेला, दोरी वळत. त्याला म्हणलं, तू बोल की रं. तो म्हणला, अक्का, माझं रान वड्याला हाय. असा तो. मरेपर्यंत त्याचं रान वड्यालाच व्हतं.

आबाकडं गेले. तो दारात बाजंवर बसलेला, दादाच्याच घरात खायचा. सगळं सांगितलं. आबा, तुमी रानात चला, डोळ्यानं बघा. त्यानं पाय बाजंवर वर घेतले. मंग म्हणला, येळवशीला बघू. परत बघू. म्या म्हणलं, आबा, तुमाला भाकरी कोण घालतंय ते मला ठावं हाय, पर तुमचं तोंड तर तुमचंच हाय ना? तर म्हणला, जा, चुना वाळंल.

येळवस आली. बैलगाड्या जुपल्या, बायकांच्या डोईवर टोपली, भज्जीचा, अंबीलीचा वास. दादानं नव्या जागी कोप केलेली, मोठ्ठी, पाटलासारखी, आन अर्ध्या गावाला आवतन दिलेलं. मला कळलं कशापायी. सगळ्यांनी त्या जागी जेवलं की ती जागा खरी झाली. तुझा आजा बी आल्ता, धोतर वर धरून ज्वारीतनं. आबाला गाडीतनं उतरवलं. मी बघत व्हते. म्हणलं, आता बोलंल. आबानं हिरीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, एवढा वेळ बघितलं की दादा म्हणला, आबा, बसा की, पुजा थांबली. आन आबा बसला. त्या दगडाम्होरं, त्या खोट्या जागी, बसला, कुकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले.

माझ्या अंगाची जी आग झाली ना बाई. म्या काय केलं, माझ्या वाटणीची अंबीलीची केळी, म्हणजे बारकं मडकं, आन चुना-कुकू उचललं आन सगळ्यांम्होरनं चालत जुन्या जागी गेले. चार ज्वारीची धाटं मोडली आन तिथं भुईवर बसले. तिथं काय नव्हतं. म्या त्या नुसत्या मातीला चुन्याचं बोट लावलं, कुकू लावलं, आन बसले. माणसं जेवायला बसली, मला हाका मारायला लागली. वैनी ओरडली, या की रुसूबाई, का भुईलाच पोटाशी धरून बसता? पोरंसोरं हसली. म्या म्हणलं, तुमी जेवा, पोट फुटंस्तवर जेवा, माझ्या मिरच्यावर बसून जेवा.

जेवणं झाली की अंबील शिंपायची असती. मडक्यात अंबील, त्यात कडुलिंबाची डहाळी बुडवायची आन ज्याची जेवढी हद्द तेवढ्या कडंनं शिंपत चालायचं, मोठ्यानं आरोळी द्यायची, आन मागनं सगळी माणसं आरोळी झेलत येत्यात. हे घरातल्या कर्त्यानं करायचं. दादानं मडकं उचललं. तवा आबा म्हणला, ठिव. दादा म्हणला, आबा, तुमाला चालवत न्हाय. आबा म्हणला, अजून मी मेलो न्हाय, आण हिकडं.

निघाला म्हातारा. वड्याची कड केली, माळाची कड केली, माणसं मागं, गुरुजी मागं, पाटील मागं. मला ज्वारीतनं नुसती आरोळी ऐकू येत व्हती, फाटलेली, म्हाताऱ्याच्या घशाची. मंग हिरीवरनं निघाला माझ्या तुकड्याच्या कडंनं. कोपीपाशी आला. दादा आधीच जाऊन तिथं उभा, म्हणजे हितनं वळा. आबा वळला न्हाय. दगड उजव्या हाताला टाकून सरळ ज्वारीत शिरला. दादा ओरडला, आबा, हद्द संपली, मागं फिरा, चुकलं तुमचं! आबानं आरोळी दिली. मागच्यांनी झेलली. सरळ माझ्यापाशी आला, जिथं मी बसलेली तिथं, माझ्या पाठीमागनं वळसा घातला, औत घालायचं तसा, आन डहाळी झटकली. अंबील माझ्या पदरावर पडली. माझ्याकडं बघितलं न्हाय. आन परत हिरीकडं निघाला, अख्खं गाव त्याच्या मागं, ज्वारी तुडवत.

त्या उन्हाळ्यात आबा मेला. दिवस झाले आन दादानं कागद काढला, दगडापर्यंत लिहिलंय, दगड हितं हायत, चला. म्या पंचाला बोलावलं. चावडीम्होरं बसले. दादा म्हणला, कागद बोलतोय. पाटील म्हणले, कागद दगड म्हणतो, दगड कवापसनं तिथं हायत ते तू बोल, आमी म्हाताऱ्याच्या मागं चाललोय, कुठं वळलो ते आमच्या पायाला ठावं हाय. दादा म्हणला, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. तवा अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणला कुणीतरी, पानावर ठिवला. म्हणले, उचल, आन सांग की दगड पहिल्यापसनं तिथंच हायत, मंग रान तुझं.

दादानं हात केला पुढं. उचलणार व्हता बरं का तो, मी त्याला वळखते, त्याला ना देव ना धरम. पर वैनी बायकांतनं उठली, पदर पडला तिचा, तशीच धावली आन त्याचं मनगट धरलं. म्हणली, पोरं हायत पदरात, त्यांच्यावर येईल, नका उचलू. दादा म्हणला, सोड. ती म्हणली, न्हाय सोडायची. मंग माझ्याकडं तोंड करून म्हणली, घे, घे तुझी माती, चोळीबांगडीची, घाल अंगावर आन जळ. आशी मिळाली मला जमीन. बापानं दिली न्हाय, कायद्यानं दिली न्हाय, वैनीच्या भीतीनं दिली. त्या बाईनं जन्मात एक गोष्ट माझ्या उपयोगाची केली, ती बी शिव्या देत.

आता गावातली माणसं काय म्हणत्यात, सोजर, तुझा बाप देवमाणूस, अंबील शिंपून तुझी हद्द राखली. म्या म्हणते, राखली? तोंडानं एक शबूद बोलला असता, दादा, दगड जागच्या जागी ठिव, तर संपलं असतं. खोट्या जागी नारळ फोडला त्यानं. मला वाटा दिला तो बी हयातीपुरता, म्हणजे जित्ती हाय तवर खा. लेकांना दिलं ते कायमचं, मला दिलं ते उसनं. अंबील शिंपली म्हणून मी काय त्याचे पाय धुवून पिऊ? तुझा आजा मला म्हणला व्हता, सोजर, म्हाताऱ्याला तेवढंच जमत व्हतं. म्या म्हणलं, गुरुजी, मला बी लई कमी जमत व्हतं, तरी मी दारं धरलीच की.

पर माझी हयात, ती काय कुणाच्या बापाची हाय व्हय? लांबली. लई लांबली. दादा गेला, नामा गेला, वैनी गेली, मी हायच. दादाच्या पोरांनी सगळीकडं ऊस केला, ढोकीच्या कारखान्याला जातो, त्यांना माझ्या हिरीचं पाणी पायजे, तुकडा पायजे, आन मी मरत न्हाय. पुतण्या सणासुदीला येतो, पायाशी वाकतो, म्हणतो, आत्या, तब्येत कशी हाय? म्या म्हणते, झकास हाय बाबा, तुझं नशीब खोटं. तो बी हसतो, त्याला बी ठावं हाय. त्याची सून बरी हाय, दुधाचा पेला आणून ठिवती. हातानं ठिवती, पायानं सरकवत न्हाय. म्या तिला म्हणलंय, तुला लेक झाली तर सांग, तिला मी ही हीर दाखवीन.

दगड त्यांनी नेले, त्यांच्या उसाच्या कडंला हायत, पाचीच्या पाची. येळवशीला त्यांची कोप तिकडं, माझी हितं, जुन्या जागी. गावातलं पोर म्हणतं, आजी, तुझ्या कोपीत देव कुठाय, आणून देऊ का पाच दगड वड्यातनं? म्या म्हणते, नको रं बाबा. दगड ठिवला की त्याला हालवणारा येतो. मी आपली मातीलाच चुना लावते, पाच बोटं, कुकू लावते, आन अंबील शिंपत हिरीपसनं कोपीपर्यंत आन कोपीपसनं हिरीपर्यंत एकटीच फिरते. आरोळी देते, झेलायला कुणी नसतं. औंदा येळवशीला ये तू. आज्याच्या जागी ये, माझ्या मागं चाल, न्हाय आली तरी सुखात ऱ्हा. मी हाय अजून.